मुलुंडहून न पोचलेले निरोप

साकीनाक्याला आमच्या ऑफिसात एक मीटिंग रूम होती. तिची खिडकी कधी उघडायची नाही, कारण खालच्या गाळ्यांत पावडर कोटिंगचं काम चालायचं आणि तो वास एकदा आत आला की दिवसभर डोकं धरून बसावं लागायचं. त्या कोंदट खोलीत आमच्या नव्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टने मार्करचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि बोर्डावर दोन शब्द लिहिले. टीसीपी. यूडीपी. टोपण तोंडात तसंच ठेवून त्याने पहिल्या शब्दावर फुली मारली.

"हे म्हाताऱ्या लोकांचं काम आहे," तो टोपण दातांत धरूनच म्हणाला. सगळे हसले. त्या फुलीबरोबरच निर्णय झाला होता, पण मी मूर्खासारखी माझा लॅपटॉप उघडून आकडे दाखवायची तयारी करत होते.

आमची कंपनी डायलिसिस सेंटरांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा सेंटरवर जाऊन तासन्‌तास मशीनला जोडून घ्यावं लागतं. मशीन थोडी, माणसं जास्त. म्हणून कोणाला कुठल्या दिवशी कुठलं मशीन, हे आधी ठरवायला लागतं. सेंटरवरच्या रिसेप्शनच्या कॉम्प्युटरने आमच्या सर्व्हरला सांगायचं, या पेशंटला गुरुवारी सकाळचं मशीन दे, आणि सर्व्हरने ते काम करून उत्तर द्यायचं. एका मशीनवरच्या प्रोग्रॅमने लांबच्या दुसऱ्या मशीनकडून असं काम करून घ्यायचं, याला आमच्या धंद्यात रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात. त्या दिवशीचा प्रश्न एवढाच होता, की हे निरोप न्यायचे कशावरून, म्हणजे ट्रान्सपोर्ट कुठलं: आत्ताचं टीसीपी ठेवायचं की यूडीपी आणायचं.

टीसीपी आधी पलीकडच्या मशीनशी जोडणी करतं. मोठा निरोप असेल तर तुकडे करून पाठवतं, प्रत्येक तुकड्याची पोच घेतं, पोच आली नाही तर तो तुकडा परत पाठवतं. यात थोडा वेळ जातो. यूडीपी यातलं काहीही करत नाही. निरोप फेकतं आणि मोकळं होतं. गेम खेळताना किंवा व्हिडिओ कॉलवर ते छानच, कारण तिथे एखादा तुकडा गळला तर चित्र क्षणभर फाटतं आणि पुढे जातं. आमचा आर्किटेक्ट गेमिंग कंपनीतून आला होता. तिथे त्याने खरोखर चांगलं काम केलं होतं, हे मला मान्य आहे.

झालं असं होतं, की सेंटरवाल्यांनी तक्रार केली होती. बुकिंगचं बटण दाबल्यावर स्क्रीन बराच वेळ गोल गोल फिरत राहते. मी दोन दिवस बसून मोजलं होतं. नेटवर्कवर जाणारा वेळ किरकोळ होता. सगळा वेळ खात होती ती आमचीच एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायचा आदेश. एका साध्या बुकिंगसाठी ती पेशंटचा पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास उपसायची.

"क्वेरी दुरुस्त केली की झालं," मी म्हटलं. "ट्रान्सपोर्टला हात लावायची गरजच नाही. आणि लावायचाच असेल तर यूडीपी नको. इथे निरोप हरवून चालणार नाही."

"हरवतात किती यार?" आर्किटेक्ट म्हणाला. "आजकालच्या नेटवर्कवर? शंभरात एखादा."

"तो एखादा म्हणजे माणूस आहे ना पण."

"ड्रामा नको ना करू."

मी मॅनेजरकडे पाहिलं. तो माझ्याच वयाचा, दादरचा, माझ्याबरोबरच कंपनीत लागलेला. आधी आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खायचो. मीटिंग संपल्यावर त्याने मला पॅसेजमध्ये गाठलं.

"अगं, तुझं बरोबर असेल. पण मी क्लायंटला काय सांगू? आमचीच क्वेरी फालतू होती म्हणून? इतकी वर्षं आम्ही झोपलो होतो? त्यापेक्षा नवीन ट्रान्सपोर्ट आणलं, हे ऐकायला किती भारी वाटतं बघ."

"आणि बुकिंग हरवली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. तू ना, नेहमी ब्रेक लावतेस."

तेव्हा मला राग आला नाही. चहाच्या ग्लासात तळाशी मेलेली माशी दिसावी तसं काहीतरी झालं. चहा पिऊन झालेला असतो आणि मग ती दिसते.

नवीन पद्धतीचा डेमो झाला तो मी विसरू शकत नाही. आर्किटेक्टने स्क्रीनवर 'टेस्ट पेशंट' नावाचा पेशंट उघडला. त्याला ना औषधं, ना आजारपणाच्या नोंदी. नुसतं नाव. बटण दाबलं की त्याच क्षणी हिरवी खूण. ती खूण सर्व्हरच्या उत्तराची वाटसुद्धा बघत नव्हती. निरोप फेकला, की झालं बुकिंग, असं गृहीत धरून ती उमटायची. मी ते बोलून दाखवलं. "युजरला फास्ट वाटलं पाहिजे," असं उत्तर आलं. 'वाटलं पाहिजे' हे शब्द त्याने इंग्रजीत, खांदे उडवून म्हटले. मग केक आला. केकवर हिरव्या क्रीमची तीच खूण काढलेली. कोणीतरी ते क्रीम बोटावर घेऊन आर्किटेक्टच्या गालाला फासलं, त्याने ते मॅनेजरच्या गालाला पुसलं, आणि फोटो निघाले. मी काम आहे सांगून जागेवर आले. माझा हात त्या हिरव्या क्रीमने चिकट झाला होता, कधी ते कळलं नाही. साबणाने धुतला तरी दुपारभर चिकटच वाटत राहिला.

थोड्याच दिवसांत मुलुंडच्या सेंटरवरून तक्रारी यायला लागल्या. पेशंट येतात, त्यांना बुकिंग झाल्याचं सांगितलेलं असतं आणि मशीनवर दुसरंच कोणी झोपलेलं असतं. बाकीच्या सेंटरांवर असं फारसं होत नव्हतं, मुलुंडलाच. मॅनेजरने कारण लगेच शोधलं.

"तिथली रिसेप्शनिस्ट नवीन आहे. बुकिंग करायला विसरते आणि ढकलते आपल्यावर."

"तू बोललास तिच्याशी?"

"बोलायचं काय त्यात? ऑपरेटर एरर."

हे त्याने मेलमध्येही लिहिलं, सेंटरच्या इन्चार्ज डॉक्टरांना. ज्या मुलीला आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं तिच्याबद्दल. मेल वाचल्यावर मी मॅनेजरला न विचारता रिक्षा केली आणि मुलुंडला गेले.

सेंटर एका सोसायटीच्या तळमजल्यावर होतं. बाहेर चपलांचा ढीग, आत फिनेलचा वास, मशीनचा एकसुरी आवाज. रिसेप्शनवरची मुलगी पंचविशीतली असेल. घरचे मूळचे अकोल्याकडचे, आता राहायला भांडुपला. मी ऑफिसचं नाव सांगितल्याबरोबर तिचा चेहरा बंद झाला.

"मी विसरत नाही मॅडम," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "माझ्यासमोर हिरवं होतं. हिरवं झालं की मी पेशंटला हो सांगते. अजून काय करू?"

तेवढ्यात एक म्हाताऱ्या काकू काउंटरला टेकल्या. पाय सुजून टम्म झालेले, चपलांचे पट्टे मांसात रुतलेले. बरोबर कोणी नाही.

"माझा मशीन खय गेला गो?" त्यांनी विचारलं. "परवा तूच म्हटलंस मां, आज ये म्हणान?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी काकूंना मालवणीतच विचारलं, कधीपासून येता, कोण आणतं. आमच्या घरी कांदिवलीत अजून तीच भाषा चालते. भाषा ऐकून त्यांना बरं वाटलं. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगी डोंबिवलीला. बरीच वर्षं याच सेंटरवर येतात.

"माका काय कळणा नाय बाय तुमच्या कम्पुटरातला," त्या म्हणाल्या. "पण ह्येच्या आधी असा कधी झाला नाय."

त्या दिवशी एक पेशंट आला नाही म्हणून टेक्निशियनने काकूंना त्याच्या मशीनवर घेतलं. नशीब. मग मी काउंटरच्या मागे स्टूल घेऊन बसले. रिसेप्शनवरची मुलगी बुकिंग करायची, स्क्रीनवर हिरवी खूण यायची, आणि मी माझ्या लॅपटॉपवर सर्व्हरला निरोप मिळाला का ते बघायचे. नवीन पेशंटचं बुकिंग पोचलं. दुसऱ्या नवीन पेशंटचं पोचलं. काकूंच्या पुढच्या तारखेचं केलं. हिरवं. सर्व्हरवर काही नाही. परत केलं. परत हिरवं, परत काही नाही.

"बघा," मुलगी म्हणाली. एवढंच.

दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं. आमचा बुकिंगचा निरोप पेशंटची सगळी औषधं, सगळ्या नोंदी बरोबर घेऊन जायचा. गरज नसताना. ज्याचा आजार जुना, ज्याची औषधं जास्त, त्याचा निरोप मोठा. मोठा निरोप यूडीपीवर गेला की वाटेत त्याचे तुकडे होतात, आणि त्यातला एक जरी गळला तरी अख्खा निरोप जातो. परत पाठवणारं कोणी नसतं. मुलुंडच्या त्या सेंटरचं इंटरनेट असे तुकडे सरळ टाकूनच देत होतं. खात्री करायला मी एक खोटा पेशंट बनवला. औषधं न घालता त्याचं बुकिंग केलं, पोचलं. त्यालाच काकूंची औषधं चिकटवली, हरवलं. काढली, पोचलं.

म्हणजे जो जास्त आजारी त्याचंच बुकिंग हरवत होतं. हरवायचं ते नेमकं त्याचंच. हे कळल्यावर मी लॅपटॉप मिटला. मी बाहेर जाऊन चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळं मांडलं. आर्किटेक्टने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "रिट्राय टाकू. प्रत्येक निरोप तीनदा पाठवू."

"अरे, मोठे निरोप तीनदा पाठवले तरी तीनही वेळा हरवतील. तुकडेच पडतायत ना. आणि छोटे तीनदा पोचतील. सर्व्हर तीन बुकिंग करेल."

"ते आपण नंतर हँडल करू."

"टीसीपीवर परत जाऊ या ना. एका दुपारचं काम आहे. निरोपातून औषधं काढू, क्वेरी नीट करू."

त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने मोबाइलकडे बघितलं. "पुढच्या महिन्यात याचा टॉक आहे कॉन्फरन्सला," मॅनेजर म्हणाला. "विषय जाहीर झालाय. आता मागे गेलो तर कसं दिसेल?"

मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्यात दुष्टपणा काही नव्हता, हेच जास्त घाण होतं. दोघांना घरी आईबाप होते, दोघे मुलांच्या फीबद्दल बोलायचे, गणपतीला सुट्टी टाकायचे. त्या खोलीत काकूंच्या पायांबद्दल सांगितलं तेव्हा मॅनेजरने "च्च" केलं होतं. मनापासून केलं होतं. आणि लगेच विचारलं होतं, मग रिट्राय कधी लाइव्ह करायचं?

रिट्राय लाइव्ह झालं. मी म्हटलं होतं तसंच झालं. मुलुंडला नवीन, त्यातल्या त्यात धडधाकट पेशंटांच्या नावावर तीन-तीन मशीन लागली. जुन्यांना एकही नाही. दिवस भरलेला दिसायचा आणि निम्मी मशीन रिकामी पडलेली असायची. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन करकरून सांगितलं. आमच्या सपोर्टच्या माणसाने तिला सांगितलं, मॅडम, बटण एकदाच दाबा.

एका सकाळी काकू आल्या, त्यांना मशीन मिळालं नाही. सिस्टीममध्ये सगळं भरलेलं, रिकाम्या मशीनवरही कोणाचं तरी नाव. कोणीतरी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्या रिक्षाने घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना दम लागला, शेजाऱ्यांनी हॉस्पिटलला नेलं, छातीत पाणी भरलं होतं. आयसीयूत ठेवावं लागलं. वाचल्या. हे मला रिसेप्शनवरच्या मुलीने फोन करून सांगितलं. ती रडत नव्हती. एखाद्या ऑफिसला कळवावं तशी सांगत होती.

मग सेंटरवाल्यांनी मीटिंग बोलावली, घाटकोपरला, त्यांच्या मुख्य ऑफिसात. इन्चार्ज डॉक्टर, त्यांची दोन माणसं, आमच्याकडून मॅनेजर, आर्किटेक्ट आणि मी. रिसेप्शनवरच्या मुलीला त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. मॅनेजरने सुरुवात केली. नेटवर्कचे प्रॉब्लेम, ट्रेनिंगची गरज, ऑपरेटरकडून एकच बुकिंग वारंवार होणं. आवाज अगदी मऊ. बोलता बोलता त्याने त्या मुलीकडे बघून समजूतदारपणे मान हलवली, जणू तो तिला सांभाळून घेतोय.

ती मान हलवणं मला सहन झालं नाही.

"डॉक्टर, यात यांची काहीच चूक नाही," मी म्हटलं. "एकही बुकिंग यांनी विसरलेलं नाही आणि एकही तीनदा केलेलं नाही. निरोप आमच्या सिस्टीमने हरवले. तीनदा पाठवले तेही आमच्याच सिस्टीमने. हिरवी खूण खोटी आहे. ती बुकिंग झाल्यावर येत नाही, बटण दाबल्यावर येते. आम्हाला हे माहीत आहे. मी स्वतः मुलुंडला बसून बघितलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "माहीत आहे म्हणजे? कधीपासून?"

"काकूंना परत पाठवलं त्याच्या आधीपासून."

मॅनेजर माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "क्लायंटसमोर? वेड लागलंय तुला?" त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. मी खुर्ची बाजूला सरकवली.

डॉक्टरांनी फार आरडाओरडा केला नाही. आठवड्याच्या आत दुरुस्त झालं नाही तर करार बंद, एवढंच म्हणाले. साकीनाक्याला परतताना गाडीत आर्किटेक्ट कानात हेडफोन घालून बसला. पण दुसऱ्या दिवशी टीसीपीवर परत जायला सगळे तयार होते. मी निरोपातून औषधं काढली, फक्त पेशंटचा नंबर ठेवला. प्रत्येक बुकिंगला एक खूणक्रमांक दिला, म्हणजे तेच बुकिंग परत आलं तर सर्व्हर ओळखेल आणि दुसऱ्यांदा करणार नाही. हिरवी खूण सर्व्हरचं उत्तर आल्यावरच उमटेल असं केलं. आणि ती क्वेरी नीट केली. स्क्रीन गोल फिरायची बंद झाली, टीसीपीवरच. आधी म्हटलं होतं तेवढंच काम, खरंच एका दुपारचं.

आर्किटेक्टचा टॉक झालाच. अंधेरीच्या एका हॉटेलात. मॅनेजरने सगळ्या टीमला नेलं. विषय थोडा बदलला होता. आम्ही यूडीपी वापरून पाहिलं, धाडसाने शिकलो, आणि विचारपूर्वक टीसीपीकडे वळलो. पडद्यावर माझी मुलुंडची मोजमापं होती, मी केलेल्या तक्त्याच्याच रंगांत. काकू एका ओळीत आल्या, 'काही मोठे निरोप गळाले' अशा. टाळ्या पडल्या. कोणीतरी विचारलं, हे शोधलंत कसं? तो हसून म्हणाला, "फील्डवर जाऊन." माझ्या शेजारी बसलेल्या मॅनेजरने जोरात टाळ्या वाजवल्या आणि कोपराने मला ढोसलं, चल ना, वाजव. मी उठले आणि बाहेर आले. बुफेच्या टेबलावर मंचुरियनचा रस्सा साय धरून बसला होता. मी न जेवता घरी गेले.

नोकरी मी सोडली, लगेच नाही, घरचं बघून. आता अंधेरीत दुसऱ्या कंपनीत आहे. काम तसलंच आहे.

सोडायच्या आधी मुलुंडला फोन केला तर ती मुलगी तिथे नव्हती. तिला काढलं नव्हतं, तिनेच सोडलं होतं. मग एका शनिवारी भांडुपला गेले, तिथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती लागली होती. रिसेप्शनवरच. मला बघून तिला आश्चर्य वाटलं, पण चहा सांगितला.

"मी डॉक्टरांना सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुमची चूक नव्हती म्हणून."

"मी तिथेच होते ना ताई. ऐकलं मी."

"मग सोडलंत का?"

तिने काउंटरवरची चिल्लर बाजूला सारली. "मला आधीच माहीत होतं माझी चूक नाही. तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांना कळलं. पण त्याच्या आधी महिनाभर मी तेच सांगत होते, सगळ्यांना. कोणी एक जण तरी स्टूल घेऊन बाजूला बसला का? तुम्ही बसलात. बाकी तिथे मला रोज सकाळी जायचं होतं, त्याच लोकांत. मला ती तोंडंच बघवेनात."

मी काकूंचं विचारलं. त्या डोंबिवलीला मुलीकडे असतात, तिथल्याच सेंटरला जातात, तब्येत बरी आहे, असं ती म्हणाली. मध्येच तिला आतून हाक आली, कोणाच्या तरी डोळ्यांत थेंब घालायचे होते.

"चहा पिऊन जा हां," ती म्हणाली आणि आत गेली.